एसएसडीवर काय ठेवावे आणि हार्ड डिस्कवर काय

सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या मामेभावाचा फोटो स्टुडिओ आहे. गेल्या जानेवारीत गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर त्याने मला बोलावून घेतले. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे, पांढऱ्या बाराबंदीतल्या मानकऱ्यांचे सुमारे चार हजार फोटो त्याच्या कार्डांमध्ये होते आणि संगणकावर ते उतरवायला जागाच उरलेली नव्हती. सी ड्राइव्हखालची पट्टी लाल झाली होती : २२३ जीबीपैकी जेमतेम ९ जीबी शिल्लक. शेजारची एक टीबीची हार्ड डिस्क मात्र निम्म्याहून अधिक रिकामी होती. मामेभावाने मांडणी विचार न करता केली होती, असे मुळीच नाही. ग्राहकांच्या लग्नांचे मूळ फोटो ही त्याच्या लेखी सर्वांत मोलाची गोष्ट, म्हणून ते नव्या आणि महागड्या एसएसडीवर, म्हणजे चकत्यांऐवजी चिपांवर माहिती साठवणाऱ्या त्या सी ड्राइव्हवर ठेवलेले; आणि त्या फोटोंची नोंद सांभाळणारा, लाइटरूम या फोटो-प्रोग्रामचा कॅटलॉग, ज्याला तो नुसती यादी समजत होता, तो जुन्या हार्ड डिस्कवर. व्हायला हवे होते नेमके उलटे.

महत्त्वाचे ते एसएसडीवर आणि बिनमहत्त्वाचे ते हार्ड डिस्कवर, हा हिशेब मला दुकानांच्या, कार्यालयांच्या आणि घरांच्या संगणकांवर वारंवार दिसतो. तो स्वाभाविक वाटतो, कारण मौल्यवान वस्तू चांगल्या कपाटात ठेवण्याची आपली रीत आहे. परंतु एसएसडी ही तिजोरी नव्हे. एखादी फाइल कोणत्या ड्राइव्हवर असावी हे तिच्या मोलावरून ठरत नाही. ती कशी वाचली जाते आणि कशी लिहिली जाते, यावरून ठरते. फाइल सुरक्षित कशी राहील हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही स्वतंत्र आहे. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की दोन्हींची उत्तरे चुकतात.

आधी हार्ड डिस्कच्या आत काय चालते ते पाहू. आत चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या असतात आणि त्या सतत फिरत असतात. घरगुती संगणकातील साडेतीन इंची डिस्क बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेते, लॅपटॉपमधील छोटी डिस्क बहुतेकदा ५४००. चकतीच्या पृष्ठभागावरून एका लांब दांड्याच्या टोकाला बसवलेले हेड सरकते आणि माहिती वाचते किंवा लिहिते. मिनिटाला ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हेड योग्य वर्तुळावर जाऊन पोहोचायला साधारण ८ ते १० मिलिसेकंद लागतात आणि हवा असलेला भाग फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्ध्या फेऱ्याची, म्हणजे आणखी चार मिलिसेकंदांची वाट पाहावी लागते. एकूण झाले बारा-तेरा मिलिसेकंद. माहितीचा एक कणही अजून वाचलेला नाही आणि एवढा वेळ गेलेला आहे.

आता दोन फाइली शेजारी ठेवून पाहा. एक २५ एमबीचा मूळ फोटो आणि दुसरी अवघी ४ केबीची, एखाद्या प्रोग्रामची सेटिंग साठवणारी फाइल. हेड जागेवर पोहोचल्यानंतर हार्ड डिस्क सेकंदाला १५० एमबी वाचते असे धरू. फोटो वाचायला सुमारे १७० मिलिसेकंद लागतील. त्यापुढे शोधाशोधीचे तेरा मिलिसेकंद फारसे जाणवणार नाहीत. चार केबीची फाइल वाचायला मात्र एका मिलिसेकंदाचा तिसावा-चाळिसावा भाग पुरेल आणि तरीही ती शोधायला तेरा मिलिसेकंद जातीलच. म्हणजे लहान फाइलीच्या बाबतीत जवळजवळ सगळा वेळ हेडच्या धावपळीतच खर्च होतो.

विंडोज सुरू होताना, ब्राउझर उघडताना किंवा मोठा प्रोग्राम चालू होताना संगणक अशाच हजारो लहान फाइली आणि मोठ्या फाइलींमधले इथले-तिथले बारीक तुकडे मागत असतो. विखुरलेल्या दहा हजार तुकड्यांना प्रत्येकी तेरा मिलिसेकंद धरले तर एकशे तीस सेकंद होतात, म्हणजे दोन मिनिटांहून अधिक. एसएसडीत फिरणारा एकही भाग नसतो. सूक्ष्म कोशांमध्ये विद्युतभार साठवून माहिती ठेवलेली असते, आणि कोणताही तुकडा मिळवायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. तेच दहा हजार तुकडे एका सेकंदात हाती येतात. आठ-दहा वर्षांच्या जुन्या संगणकात एसएसडी बसवल्यावर तो नव्यासारखा वाटू लागतो, त्याचे खरे कारण हे आहे. जाहिरातीत छापलेला सेकंदाला ५५० एमबी किंवा ३५०० एमबी हा वेग मोठ्या, सलग फाइलींचा असतो. रोजच्या वापरात जो फरक जाणवतो तो प्रामुख्याने या शोधाशोधीच्या वेळेचा असतो.

आपल्या गावात हे समजावून सांगायला मागासारखे दुसरे उदाहरण नाही. सूत अखंड चालत असते तोवर यंत्रमागावर कापड भराभर निघते. सूत तुटले की माग थांबतो, विणकर तुटलेले टोक शोधतो, गाठ मारतो आणि माग पुन्हा सुरू करतो. हार्ड डिस्कला अखंड सूत दिले तर ती आजही उत्तम काम करते. दर बोटभर अंतरावर सूत तुटत असेल तर मात्र माग कितीही दणकट असला तरी दिवसाअखेर कापड थोडेच निघणार. जकार्ड चादरीची नक्षी ज्या छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर असते, त्या पुठ्ठ्यांची माळ एकामागून एक, क्रमानेच पुढे सरकते. चित्रपट, गाणी, लग्नाचे चित्रीकरण या फाइली तशाच आहेत : पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत क्रमाने वाचल्या जाणाऱ्या. चांगल्या प्रतीच्या ४के चित्रीकरणालाही सेकंदाला दहा-बारा एमबी लागतात आणि हार्ड डिस्क त्याच्या दसपट सहज देते. असा चित्रपट एसएसडीवर ठेवला म्हणून तो अधिक चांगला दिसत नाही.

एवढे ध्यानात आले की वाटणी बरीचशी आपोआप होते. ऑपरेटिंग सिस्टिम, सगळे प्रोग्राम, ब्राउझरचा साठा, ईमेलची साठवण, फोटोंचा कॅटलॉग आणि त्याचे पूर्वदृश्य, आणि हाती घेतलेले चालू काम हे सर्व एसएसडीवर असावे. पुरे झालेले काम, मूळ चित्रीकरण, चित्रपट, गाणी, स्कॅन केलेली जुनी कागदपत्रे आणि प्रोग्रामांच्या इन्स्टॉलर फाइली हार्ड डिस्कवर जाव्यात. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामच्या डेटाविषयी बरेच जण विचारतात. माझा अनुभव असा की सुताच्या व्यापाऱ्याचा अनेक वर्षांचा हिशेबसुद्धा आकाराने फार मोठा नसतो, परंतु एखादा खाते-उतारा काढताना त्यातल्या ठिकठिकाणच्या नोंदी वाचाव्या लागतात. मार्चअखेरीस अशी वाट पाहण्यात जाणारा वेळ विचारात घेतला तर तो डेटा एसएसडीवरच ठेवावा, यात मला शंका वाटत नाही. त्याची रोजची प्रत मात्र हार्ड डिस्कवर पडली पाहिजे. गेमच्या बाबतीत दोन्ही बाजू आहेत : नवे, मोठे गेम एसएसडीवर लवकर उघडतात आणि त्यांपैकी काहींना एसएसडी आवश्यकच असते, जुने गेम हार्ड डिस्कवरही व्यवस्थित चालतात.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. संगणकात सी, डी आणि ई अशी तीन अक्षरे दिसतात म्हणून आत तीन ड्राइव्ह आहेत असे नसते. पूर्वी दुकानदार एकाच हार्ड डिस्कचे तीन भाग पाडून देत असत आणि अनेक संगणकांत ते आजही तसेच आहेत. त्या भागांमध्ये फाइली इकडून तिकडे हलवल्याने वेगात फारसा फरक पडत नाही, कारण हेड तेच आणि चकतीही तीच. आपल्या संगणकात नेमके काय आहे हे पाहण्यासाठी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स या भागात जावे. तिथे प्रत्येक खऱ्या ड्राइव्हची वेगळी नोंद असते, तिच्याखाली कोणती अक्षरे येतात ते दिसते आणि ती एसएसडी आहे की एचडीडी, म्हणजे हार्ड डिस्क, हेही लिहिलेले असते. डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज या खिडकीतही प्रत्येक अक्षरापुढे त्याचा प्रकार दिसतो. वाटणीची सुरुवात ही खातरजमा करूनच करावी.

आकड्यांचा घोळही अनेकांना सतावतो. २४० जीबीची एसएसडी घेतली आणि संगणकात २२३ जीबी दिसली तर कोणी फसवलेले नसते. ड्राइव्ह बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, म्हणून एक टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते.

एसएसडी काठोकाठ का भरू नये, याचे कारण तिच्या लिहिण्याच्या पद्धतीत आहे. शाळेतली पाटी आठवा, पण अशी पाटी की तिच्यावरचा एखादा शब्द पुसता येत नाही. पुसायची तर अख्खी पाटी पुसावी लागते. एसएसडीत माहिती लहान पानांवर लिहिली जाते, परंतु पुसताना अशा शेकडो पानांचा संपूर्ण गठ्ठा एकदम पुसावा लागतो आणि न पुसलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही. म्हणून आपण एखादी फाइल बदलून सेव्ह करतो तेव्हा एसएसडी नवी माहिती दुसरीकडच्या कोऱ्या पानावर लिहिते आणि जुने पान बाद ठरवते. मागाहून सवडीने बाद पानांचे गठ्ठे शोधून, त्यांतली उपयोगी पाने दुसरीकडे उतरवून, गठ्ठे कोरे करते. कोणत्या फाइली आपण काढून टाकल्या हे विंडोज तिला ट्रिम नावाच्या आज्ञेने कळवत असते. या सगळ्या उतरवाउतरवीला मोकळी जागा लागते. ती उरली नाही की लिहिण्याचा वेग घसरतो आणि एकाच माहितीची पुन्हा पुन्हा नक्कल होत राहिल्याने कोशांची झीजही वाढते. मी पंधरा ते वीस टक्के जागा नेहमी मोकळी ठेवतो आणि ठेवायला सांगतो. मामेभावाच्या एसएसडीवर चार टक्के उरली होती.

झिजेची भीती मात्र गरजेपेक्षा जास्त पसरलेली आहे. प्रत्येक कोश ठरावीक वेळाच पुसता येतो हे खरे, परंतु एसएसडी सगळे कोश आळीपाळीने वापरते, त्यामुळे झीज सर्वत्र सारखी होते. एसएसडीच्या माहितीपत्रकावर टीबीडब्ल्यू असा एक आकडा असतो, म्हणजे किती टीबी लिहून होईपर्यंत कंपनी हमी देते त्याची मर्यादा. ५०० जीबीच्या अनेक चांगल्या एसएसडींना हा आकडा ३०० असतो. पाच वर्षांवर तो विभागला तर दिवसाला सुमारे १६४ जीबी लिहिता येते. हिशेबाच्या, लेखनाच्या किंवा साध्या घरगुती संगणकावर दिवसाला इतके लिहिलेच जात नाही. त्यामुळे झीज वाचवण्यासाठी पेजफाइल, म्हणजे रॅमला जोड म्हणून विंडोज वापरते ती फाइल, हार्ड डिस्कवर हलवण्याचा जो सल्ला दिला जातो, तो मला पटत नाही. रॅम अपुरी पडली की विंडोज पेजफाइलमध्ये बारीक तुकडे लिहिते आणि वाचते. हे काम हार्ड डिस्कवर लोटले की संगणक जागीच खिळून राहतो. पेजफाइल एसएसडीवरच असू द्यावी. जागा हवीच असेल आणि हायबरनेट, म्हणजे उघडे काम ड्राइव्हवर साठवून संगणक बंद करण्याची सोय, वापरत नसाल तर ते बंद करावे. सी ड्राइव्हवरची त्याची अनेक जीबींची फाइल त्याने निघून जाते.

आता प्रत्यक्ष हलवाहलवी. सुरुवातीच्या काळात एका कापड व्यापाऱ्याच्या संगणकावर मी प्रोग्राम फाइल्समधले एक मोठे फोल्डर सरळ कट करून डी ड्राइव्हवर पेस्ट केले होते. तो प्रोग्राम पुन्हा उघडलाच नाही आणि संध्याकाळचे बिल थांबले, याचे मला अजून वाईट वाटते. प्रोग्राम बसवताना तो आपला पत्ता विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीत आणि इतर अनेक ठिकाणी नोंदवून ठेवतो; फोल्डर हलवले तरी त्या नोंदी जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहतात. प्रोग्राम दुसऱ्या ड्राइव्हवर न्यायचा असेल तर तो रीतसर काढून तिथे पुन्हा बसवावा. सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीत ज्यांना मूव्ह हा पर्याय दिसतो ते तिथूनच हलवता येतात.

फाइलींचे तसे नाही. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स आणि व्हिडिओज या फोल्डरांवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये गेले की लोकेशन नावाचा भाग असतो; तिथे मूव्ह दाबून नवी जागा दाखवली की विंडोज फाइलीही हलवते आणि पत्ताही बदलते. यात एक काळजी न चुकता घ्यावी : डी ड्राइव्हवर आधी त्या नावाचे स्वतंत्र फोल्डर करावे आणि तेच दाखवावे. नुसताच डी ड्राइव्ह दाखवला तर संपूर्ण ड्राइव्हच डॉक्युमेंट्स होऊन बसतो आणि तो गुंता सोडवणे कठीण जाते. मी बहुधा डाउनलोड्स आणि व्हिडिओज तेवढे हलवतो. डेस्कटॉप एसएसडीवरच ठेवतो, कारण तिथे चालू कामाच्या फाइली असतात. मात्र सहा महिन्यांपूर्वीचे चित्रीकरण डेस्कटॉपवर पडून असेल तर ते सी ड्राइव्हचीच जागा खात असते, हे अनेकांना ठाऊक नसते.

जे एसएसडी नव्याने बसवून विंडोज टाकणार असतील त्यांनी त्या वेळी हार्ड डिस्कची केबल काढून ठेवावी. दोन्ही ड्राइव्ह जोडलेले असताना विंडोज संगणक सुरू करणाऱ्या फाइलींचा छोटा भाग कधी कधी हार्ड डिस्कवर टाकते. वर्षे निघून जातात, कोणाला काही कळत नाही, आणि ज्या दिवशी जुनी हार्ड डिस्क बंद पडते त्या दिवशी धडधाकट एसएसडी असूनही संगणक सुरू होत नाही.

सुरक्षिततेचा स्वतंत्र प्रश्न इथे येतो. फाइली दोन ड्राइव्हांवर वाटल्या म्हणजे बॅकअप झाला, असे होत नाही. प्रत्येक फाइलीची प्रत अजून एकच आहे. हार्ड डिस्क बिघडताना पुष्कळदा आवाज करते, अडखळते, निदान सावध तरी करते. एसएसडी चालता चालता अचानक गप्प होऊ शकते. शिवाय ट्रिममुळे एसएसडीवरून चुकून पुसलेली फाइल परत मिळवणे बहुधा अशक्य असते, तर हार्ड डिस्कवर तशी आशा बऱ्यापैकी असते. म्हणून मोलाच्या फाइलींची एक प्रत संगणकाबाहेरच्या डिस्कवर आणि शक्य तर एक दुसऱ्या घरी असावी. या कामासाठी हार्ड डिस्कच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वीज न देता पडून राहिलेल्या एसएसडीतला विद्युतभार हळूहळू गळत जातो आणि उष्णतेत तो अधिक लवकर गळतो. घरगुती एसएसडींसाठीच्या मानकाची अपेक्षा एवढीच आहे की लिहिण्याची पूर्ण मर्यादा वापरून झालेल्या एसएसडीने ३० अंश तापमानात, विजेशिवाय, एक वर्ष माहिती टिकवावी. नवी एसएसडी त्याहून बरीच अधिक टिकवते. तरीही एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जाणाऱ्या सोलापुरात, पत्र्याखालच्या खोलीतल्या कपाटात मुलांच्या बारशाचे फोटो घेऊन एसएसडी वर्षानुवर्षे पडून राहावी, हे मला योग्य वाटत नाही. हार्ड डिस्कलाही वर्षातून एक-दोनदा जोडून, फाइली उघडून पाहावे, आणि चालू असताना ती हलवू नये. हेड चकतीपासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते.

मामेभावाच्या संगणकावर आम्ही ती अख्खी दुपार घालवली. चार वर्षांचे लग्नांचे मूळ फोटो हार्ड डिस्कवर वर्षवार फोल्डरांत गेले आणि त्यांची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर. कॅटलॉग पूर्वदृश्यांसह एसएसडीवर आला. तो उघडायला लागणारा वेळ इतका घटला की मामेभावाने तो बंद करून पुन्हा एकदा उघडून पाहिला. एसएसडीवर 'चालू काम' नावाचे एकच फोल्डर केले आणि यात्रेचे चार हजार फोटो, सुमारे १०० जीबी, तिथे उतरवले. निवड, रंगसुधारणा आणि अल्बम होईपर्यंत ते तिथे राहतात, अल्बम ग्राहकाच्या हाती गेला की हार्ड डिस्कवर जातात. ही शेवटची हलवाहलवी तो फाइल एक्सप्लोररमधून करत नाही. लाइटरूमच्याच फोल्डर्स या रकान्यातून फोल्डर उचलून डी ड्राइव्हवर सोडतो, म्हणजे कॅटलॉगला नवा पत्ता त्याच वेळी कळतो आणि पुढच्या वर्षी कोणी मिरवणुकीतला एखादा फोटो मागितला तर फाइल सापडत नसल्याच्या खुणेऐवजी फोटोच उघडतो.